गहू सुटला, आता दळणाचं काय?

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

गहू बंद झालेल्या घरांतून आलेल्या पत्रांमध्ये तक्रार एकच आहे: पथ्य परवडत नाही. म्हणून हा अंक पूर्ण त्यालाच दिला आहे. ग्लुटेन म्हणजे गहू, जव आणि राय (इंग्रजीत rye, मोहरी नव्हे) या धान्यांतलं चिवट प्रथिन. कणीक तिंबली की ताणली जाते ती त्याच्यामुळे. सिलिॲक आजारात या प्रथिनामुळे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्याच्या अस्तरावर उलटते. आमचं मत आधीच सांगतो. ज्या घरात भाकरी, भात, वरण, उसळ, पोहे, थालीपीठ होतं त्या घराला नवं अन्न शोधावं लागत नाही. सांभाळावं लागतं ते दळण. पैसा आणि कष्ट तिथे लावा, पाकिटांवर नको.

धनकवडीहून एक आई लिहितात: माझ्या नऊ वर्षांच्या मुलाला सिलिॲक आहे. तयार ग्लुटेन-फ्री पीठ किलोला २२० रुपये पडतं, महिन्याला सहा किलो लागतं. ज्वारी ६० रुपयांनी मिळते, पण गिरणीतून दळून आणली की दोन दिवसांत त्याचं पोट बिघडतं. ज्वारी त्याला सोसत नाही असं समजायचं का?

ज्वारी सोसते. सोसत नाही तो गिरणीत मागे राहिलेला गहू. हिशेब करून पाहा. गव्हाचं दळण संपल्यावर दगडांच्या खाचांत आणि पीठ डब्यात पडतं तिथल्या कापडी नळीत मूठभर, म्हणजे ५० ग्रॅम कणीक राहिली असं धरा. एक ग्रॅम कणकेत साधारण ८० ते ९० मिलिग्रॅम ग्लुटेन असतं, म्हणजे त्या मुठीत चार ग्रॅमच्या वर झालं. ते तुमच्या पाच किलो ज्वारीत उतरलं की किलोमागे सुमारे ८५० मिलिग्रॅम. पाकिटावर ‘ग्लुटेन-फ्री’ छापण्यासाठी एफएसएसएआय या केंद्रीय अन्नसुरक्षा संस्थेने घातलेली मर्यादा किलोमागे २० मिलिग्रॅम आहे. या पिठाच्या साठ-साठ ग्रॅमच्या दोन भाकरी खाल्ल्या तर मुलाच्या पोटात शंभरेक मिलिग्रॅम ग्लुटेन गेलं. बहुतेक रुग्णांना दिवसभरात १० मिलिग्रॅमच्या आत राहावं लागतं.

शिवाय ही कणीक पिठात सारखी मिसळत नाही. गिरणीतून पहिलं पडणारं पीठ डब्याच्या तळाशी असतं आणि सगळ्यांत जास्त गहू त्यातच असतो. घरी आणून ते दुसऱ्या डब्यात पालथं केलं की तळाचं वर येतं. पहिल्या दोन दिवसांतच त्रास होण्याचं कारण हेच असू शकतं. मग पोट शांत झालं म्हणून पुढचं पीठ निर्धोक ठरत नाही, कारण काहीही त्रास न जाणवता आतड्याचं अस्तर झिजत राहू शकतं.

‘ज्वारीवर ज्वारी दळा’ असं आपण गिरणीत सांगतोच. पुण्यातल्या बऱ्याच गिरण्यांत गव्हाची आणि ज्वारी-बाजरीची चक्की वेगळीही असते. पण हवेत उडणारी पिठी, भरायचं सूप, झाडायचा कुंचा एकच असतो. सिलिॲकसाठी एवढं पुरत नाही. मग तीन मार्ग उरतात.

पहिला मार्ग बिनखर्चाचा आहे, आणि का कोण जाणे, तो कुणी सांगत नाही. पीठच करू नका, धान्य भिजवून वाटा. तीन वाट्या ज्वारी निवडून, धुऊन दहा-बारा तास भिजवा. एक वाटी उडीद डाळ आणि अर्धा चमचा मेथ्या वेगळ्या भांड्यात चार-पाच तास. ज्वारीचं साल जाड असतं, ती कमी भिजली तर पीठ रवाळ राहतं आणि डोसा तव्यावर तुटतो. दोन्ही मिक्सरमधून बारीक वाटून आंबवा. पुण्यात उन्हाळ्यात आठ तास पुरतात, डिसेंबर-जानेवारीत चौदा-सोळा तास लागतात आणि भांड्याला जुनी शाल गुंडाळावी लागते. याचे डोसे, आंबोळ्या, आप्पे होतात आणि गिरणीची पायरी चढावी लागत नाही. भात, भगर, साबुदाणा, पोहे, ज्वारीच्या कण्या यांनाही गिरणी लागत नाही.

दुसरा मार्ग घरगुती गिरणीचा. ती साधारण १५ ते २५ हजारांत येते. तुमचेच आकडे घेतले तर पिठाचा महिन्याचा खर्च १,३२० रुपये आणि ज्वारीचा ३६०, म्हणजे महिन्याला ९६० रुपये वाचतात. १८ हजारांची गिरणी १९ महिन्यांत फिटते. एक अश्वशक्तीची मोटर तासाला पाऊण ते एक युनिट वीज घेते, तो खर्च किरकोळ आहे. अट एकच, त्या गिरणीत गव्हाचा एक दाणाही पडता कामा नये, घरच्यांसाठीसुद्धा नाही. जुनी, वापरलेली गिरणी स्वस्त मिळते म्हणून घेऊ नका. ती गव्हावरच चाललेली असणार आणि जाळीच्या मागे साचलेली कणीक घासून निघत नाही.

तिसरा मार्ग, तुमच्यासारखी दोन-तीन घरं मिळून एक घरगुती गिरणी घेणं. महिन्यातून दोनदा दळण पुरतं, तेव्हा यंत्र एकाच घरी असलं तरी चालतं, फक्त अट सगळ्यांनी पाळायची.

धान्य घेताना मार्केट यार्डातल्या भुसार बाजारात जा. रब्बीची मालदांडी ज्वारी काढणीनंतर फेब्रुवारी-मार्चपासून येऊ लागते, तेव्हा वर्षाची घेतली तर भाव बरा मिळतो. पण त्याच पोत्यात आधी गहू भरलेला असू शकतो. एका वेळी किलोभर ज्वारी मोठ्या ताटात पसरून उजेडात निवडा, गव्हाचे लांबट दाणे सहज दिसतात. नंतर दोन पाण्यांनी धुऊन स्वच्छ सुती कापडावर कडक उन्हात वाळवा. दात लावल्यावर दाणा ‘कट’ करून तुटला की वाळला. ओलसर ज्वारी दळली तर पीठ जाळीत चिकटतं आणि आठवड्यात कुबट होतं.

बिबवेवाडीहून एक वाचक: खपली गव्हात ग्लुटेन कमी असतं, तो चालतो, असं दुकानदार सांगतात.

चालत नाही. खपली हा गहूच आहे आणि त्यात ग्लुटेन आहे. त्याची पोळी वेगळी लागते, काहींना पचायला हलकी वाटते, एवढ्यावरून सिलिॲकच्या माणसाला तो सुचवणं धोक्याचं आहे. रवा, मैदा, दलिया, शेवया हेही गहूच. ओट्समध्ये मूळचा गहू नसतो, पण शेतात आणि कारखान्यात तो हमखास मिसळतो. म्हणून ओट्स फक्त ग्लुटेन-फ्री छापलेले, आणि तेही तब्येत स्थिरावल्यावर, डॉक्टरांना विचारून.

खराडीहून एक वाचक (वय ३४): पोट फुगायचं म्हणून चार महिन्यांपूर्वी स्वतःच गहू सोडला, बरं वाटतंय. आता डॉक्टर म्हणतात तपासणी करायला हवी होती. पुन्हा गहू खायचा का?

तपासणी खरी यायची असेल तर खावा लागेल. टीटीजी-आयजीए ही रक्ततपासणी गव्हाला प्रतिसाद म्हणून तयार झालेली प्रतिद्रव्यं मोजते. गहू बंद असला तर ती कमी होत जातात आणि आजार असूनही अहवाल कोरा येतो. सोबत एकूण आयजीए (या प्रकारची सगळी प्रतिद्रव्यं मिळून) मोजून घ्या, कारण काहींमध्ये तेच मुळात कमी असतं आणि पहिली तपासणी फसते. डॉक्टर साधारण दोन ते आठ आठवडे रोज एक-दोन पोळ्या खायला सांगतात. ३० ग्रॅम कणकेच्या एका पोळीतून अडीच ग्रॅमच्या आसपास ग्लुटेन जातं. रक्तात प्रतिद्रव्यं सापडली तर पुढे दुर्बिणीतून लहान आतड्याचे तुकडे घेऊन खात्री करतात. गहू अजिबातच सोसवत नसेल तर एचएलए डीक्यू२ आणि डीक्यू८ ही जनुकतपासणी करता येते. तिला गहू खावा लागत नाही. दोन्ही नसतील तर सिलिॲक जवळपास नाहीच. असतील तर मात्र त्यावरून काहीच ठरत नाही, कारण ही जनुकं निरोगी माणसांतही भरपूर आढळतात.

‘बरं वाटतंय ना, मग कशाला’ असं म्हणू नका. सिलिॲक निघाला तर पथ्य जन्मभर आणि काटेकोर लागतं, आणि आईवडील, भावंडं, मुलं यांचीही तपासणी करावी लागते, कारण जवळच्या नात्यात दहापैकी साधारण एकाला तो असतो. सिलिॲक नसून गव्हाची नुसती संवेदनशीलता असेल तर कदाचित कमी गव्हावर भागेल आणि वर लिहिलेल्या गिरणीचा खर्च तुम्हाला करावाच लागणार नाही.

वारजे येथील वाचक: भाकरी जमत नाही. थापताना कडा फाटतात, आणि डब्यात दुपारपर्यंत पुठ्ठा होतो.

ज्वारीत ग्लुटेन नाही, त्यामुळे पीठ धरून ठेवायचं काम स्टार्चकडून करून घ्यावं लागतं, आणि स्टार्च चिकट होतो तो उकळत्या पाण्याने. आधी पीठ तपासा. दळून महिना झालेल्या पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, गेलेली असते, त्याची भाकरी कुणाच्याच हाताला जमत नाही. ज्वारीचं पीठ दोन आठवड्यांचं, बाजरीचं आठवड्याचंच दळा. बाजरीत तेलाचा अंश जास्त, ती लवकर कडू होते.

डब्यासाठी थापण्यापेक्षा उकड काढा. एक वाटी पाणी, चिमूट मीठ, अर्धा चमचा तेल उकळा. खळखळून उकळी आली की गॅस बंद करून एक वाटी पीठ एकदम घाला, उलथन्याच्या दांड्याने ढवळा आणि दहा मिनिटं झाकून ठेवा. कोमट असतानाच तळहाताच्या टाचेने पाच मिनिटं मळा. इथे घाई केली की कडा फाटतात. गोळा दाबून पाहा: कडेला भेग पडली तर पाण्याचा हात लावून आणखी मळा, बोटाला चिकटला तर चमचाभर कोरडं पीठ. आता ती तांदळाच्या पिठीवर पोळीसारखी लाटता येते. तवा चांगला तापलेला हवा. वरच्या बाजूला पाणी फिरवा आणि ते सुकत आलं, पण पूर्ण वाळलं नाही, तेवढ्यात उलटा. वाळू दिलं तर भाकरीला तडे जातात आणि ती फुगत नाही.

डब्यात कडक होते ती गार झाल्यावर स्टार्च पुन्हा घट्ट होतो म्हणून. गरम असतानाच तूप लावून सुती फडक्यात गुंडाळा आणि फडक्यासकट डब्यात ठेवा. एका वाटी पिठाला एक चमचा इसबगोल किंवा एक छोटा उकडलेला बटाटा घातला तर दुपारपर्यंत मऊ राहते. तरीही एखाद्या दिवशी कंटाळा आला तर डब्याला धिरडी द्या, ती गारही चांगली लागतात.

कर्वेनगरहून एक विद्यार्थी (वय १९): ताई, मी सोलापूरचा. इथे मेसमध्ये जेवतो. सिलिॲक निघाल्यापासून काय खाऊ कळत नाही, आणि बजेट नाही.

मेसवाल्या काकांना भेटून नीट सांग, जेवणाच्या गर्दीच्या वेळी नको. त्यांच्याकडून साधा भात, फोडणी न घातलेलं वरण (फोडणीतल्या हिंगाबद्दल पुढच्या उत्तरात वाच), दही आणि कापलेली काकडी-टोमॅटो घे. भाजीचा रस्सा टाळ. दाटपणासाठी मैदा लावलेला असू शकतो, आणि पोळ्या वाढणाऱ्या हातानेच डाव फिरतो. पापड तळलेला नको, भाजलेला उडदाचाही पोळीच्या तव्यावरचा नको.

घरून कडक भाकरी मागव. सोलापूरकडची ती खरी शिदोरी आहे, महिनाभर टिकते. आईला मात्र दळणाबद्दल वर लिहिलेलं सगळं वाचून दाखव, आणि लाटताना-थापताना पिठी म्हणून कणीक वापरायची नाही हेही. पुण्यातल्या पोळी-भाजी केंद्रांत ज्वारीची भाकरी मिळते, पण तिथे पोळ्यांच्याच ओट्यावर, त्याच पिठीवर ती होते. ती घेऊ नकोस.

खोलीवर परवानगी असेल तर विजेचा छोटा राइस कुकर घे. १०० ग्रॅम तांदूळ, ४० ग्रॅम मूगडाळ, हळद, मीठ, साडेतीन वाट्या पाणी, वरून चमचाभर तूप. पंचवीस-तीस मिनिटांत पोटभर खिचडी होते. त्यात दोन अंडी धुऊन ठेवलीस तर तीही उकडून निघतात. सकाळी दडपे पोहे, मधल्या वेळेला मूठभर शेंगदाणे-गूळ किंवा राजगिऱ्याचा लाडू आणि केळं. वडापावच्या गाडीवर ‘नुसता वडा द्या’ म्हणू नकोस. वड्याचं आवरण बेसनाचं असलं तरी त्याच कढईत सामोसा आणि ब्रेड पॅटिस तळतात, आणि तापलेल्या तेलाने ग्लुटेन नष्ट होत नाही. मिसळीतल्या फरसाणात मैद्याचे प्रकार असतात. डोसा घेताना पीठ रव्याशिवायचं आहे का आणि रवा डोसा त्याच तव्यावर होतो का, दोन्ही विचार.

सिंहगड रस्त्यावरून एक गृहिणी: घरात गव्हाचं काही आणत नाही, तरी यजमानांची प्रतिद्रव्यं सहा महिन्यांनी म्हणावी तशी उतरली नाहीत. कुठे चुकतंय?

सगळ्यांत आधी हिंगाचा डबा उचलून मागची यादी वाचा. बांधानी, म्हणजे पिठात मिसळून बांधलेल्या, हिंगात बहुतेक वेळा मैदा किंवा कणीक असते, आणि ती रोज प्रत्येक फोडणीत पडते. खडा हिंग म्हणजे शुद्ध, असंही नाही, बरेच खडेही बांधलेलेच असतात. शुद्ध हिरा हिंग महाग वाटतो, पण मोहरीएवढा पुरतो. नाहीतर तांदळाच्या पिठात बांधलेला, ग्लुटेन-फ्री छापलेला घ्या.

मग मेतकूट (त्यात गहू भाजून घालतात), थालीपीठाची विकतची भाजणी, सातूचं पीठ, दुधात घालायच्या माल्टच्या पावडरी, माल्ट घातलेले कॉर्नफ्लेक्स, सोया सॉस, विकतचं बेसन. बेसनासाठी चणाडाळ आणून मिक्सरवर दळा. भाजणी घरी करा: ज्वारी २ वाट्या, बाजरी १, तांदूळ १, चणाडाळ अर्धी, उडीद पाव, धणे पाव, जिरं दोन चमचे. प्रत्येक धान्य वेगळं भाजायचं, कारण डाळ खरपूस होईपर्यंत जिरं जळतं.

शेजारच्या किंवा मदतनीस ताईंच्या हातून गहू येतो का, तेही पाहा. पूर्वीपासूनचा लाकडी पोळपाट, लाटणं आणि पिठाची चाळणी बदलली नसेल तर बदला. लाकूड आणि चाळणीची जाळी कितीही घासली तरी पीठ धरून ठेवतात. पोळ्यांचा लोखंडी तवाही. स्टीलची भांडी घासून वापरता येतात, ती नवी घ्यायची गरज नाही. एवढं करून पुढच्या तपासणीतही उतार नसेल तर डॉक्टरांना आहाराची आठवड्याची नोंदवही दाखवा.

कसब्यातून: गहू सोडल्यापासून सुनेला बद्धकोष्ठता आहे. भात आणि साबुदाण्यावर भर आहे.

कारण तेच. साबुदाणा जवळजवळ नुसता स्टार्च. एका वेळी तरी भाकरी येऊ द्या, रोज एक वाटी मोडाची उसळ आणि पालेभाजी द्या. नाचणीत १०० ग्रॅमला सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, हाडांसाठी तिची भाकरी किंवा आंबील आठवड्यातून तीन-चारदा हवी. सिलिॲकमध्ये लोह, बी-१२, फोलेट आणि ड जीवनसत्त्व कमी पडतं, ते मोजून घ्या. उसळीवर लिंबू पिळा आणि जेवणानंतर तासभर चहा देऊ नका. दोन्हींमुळे लोह जास्त शोषलं जातं.

सदाशिव पेठेतून एक सासूबाई: घरी सत्यनारायण आहे. प्रसादाचा शिरा जावई खाऊ शकत नाहीत, आणि प्रसाद नाकारणं त्यांना जड जातं. काय करता येईल?

सगळ्यांसाठीच तांदळाच्या रव्याचा करा, म्हणजे त्यांचं ताट वेगळं राहणार नाही. आंबेमोहोर धुऊन, सावलीत वाळवून मिक्सरवर रवाळ काढा. सव्वा वाटी रवा सव्वा वाटी तुपात मंद आचेवर खमंग भाजा. तांदळाचा रंग फारसा बदलत नाही, म्हणून वासावर जा. तीन वाट्या उकळतं दूध घालून झाकण ठेवा, दाणा बोटाने चेपला जाईपर्यंत शिजू द्या. मगच सव्वा वाटी साखर आणि केळ्याचे काप. साखर आधी घातली तर ती पाणी ओढून घेते आणि दाणा कच्चा राहतो.

जेवणात उकडीचे मोदक चालतात, तळणीचे नाहीत. पुरण चालतं, पोळी नाही. पुरण तांदळाच्या उकडीत भरून वाफवा. तळणाच्या ताटात मात्र एक गोष्ट हमखास निसटते: कुरडई गव्हाच्या चिकाची असते. साबुदाण्याच्या पापड्या आधी तळून घ्या, कुरडया शेवटी, आणि ते तेल जावयांसाठी पुन्हा वापरू नका.